ढवळायचं नाही

माझे सासरे माझ्या घरी राहायला आले ते स्वतःचा शिधा बांधून. डब्लिन विमानतळावर त्यांची दुसरी बॅग ट्रॉलीवर चढवताना माझ्या कमरेत कळ आली, आणि डंडॉकला घरी पोचून बॅग उघडली तेव्हा त्या कळेचं कारण समजलं. तूरडाळ, तांदूळ, पोहे, कणीक, तिखट, चहापत्ती, साखर आणि पंच्यात गुंडाळलेली लोणच्याची बरणी. बरोबर चार आठवडे पुरेल एवढं, कारण परतीचं तिकीट चार आठवड्यांनंतरचं होतं.

"बाबा, इथे तांदूळ मिळतो," मी जमेल तितक्या शांतपणे म्हणालो. शांतपणा हा माझा प्रांत नाही, हे मला ओळखणारा कोणीही सांगेल.

"मिळत असेल ना. नाही कुठे म्हटलं मी?" ते स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये डबे लावत म्हणाले. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आता मीही म्हणतो. "पण आमच्यात नातवंड होईपर्यंत पोरीच्या घरचं खात नाहीत, जावईबापू. तुम्ही मनावर नका घेऊ."

मी मनावर घेतलं.

नंदकुमार हे माझ्या सासऱ्यांचं नाव. अमरावतीचे, वीज मंडळातून रिटायर झालेले. माझी बायको स्वरांगी सातवीत असताना तिची आई गेली, आणि त्यानंतर तिच्या वेण्या घालण्यापासून वर्षाचं लोणचं घालण्यापर्यंत सगळं या माणसाने एकट्याने केलं. लग्नात त्यांनी रीतीप्रमाणे माझे पाय धुतले, आणि तेव्हापासून माझ्याशी ते पाय धुतलेल्या माणसाशी बोलावं तसंच बोलतात. दोन वर्षांत 'जेवण झालं का' आणि 'तिकडे थंडी कशी आहे' याच्या पलीकडे आमची गाडी गेली नव्हती.

आणि आता आम्ही दोघं एका घरात एकटेच होतो. मी डंडॉकला ऑनलाइन पेमेंटच्या कंपनीत, स्वरांगी देशाच्या दुसऱ्या टोकाला गॉलवेच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. तिथे ती दोन नर्सबरोबर फ्लॅटमध्ये राहायची आणि ड्युटीतून सवड मिळाली की बसने घरी यायची. २०१७चा मे महिना होता. जुलैअखेर आमचं बाळ येणार होतं.

बाबा यायच्या आदल्या रविवारी ती मला म्हणाली होती, "सिद्धांत, काहीही कर, पण बाबांना बाळ होईपर्यंत थांबव. मी सांगायला गेले की मला रडू येतं, आणि मी रडले की ते विषय बदलतात." रोज दुसऱ्यांच्या घरची बाळंतपणं बघणारी माझी बायको स्वतःच्या बाळंतपणाला घाबरली होती. आई नव्हती, आणि तिचं माहेर म्हणजे हा एकच माणूस. तर त्यांना थांबवायचं काम माझ्यावर होतं, आणि काम सुरू व्हायच्या आधीच ते तांदूळ मोजून घेऊन आले होते.

पहिल्या दिवशी पाण्याचा ग्लास पुढे केला तर त्यांनी विचारलं, "पाण्याचं बिल कोण भरते?"

"कोणीच नाही. लोकांनी मोर्चे काढले, सरकारने गेल्या वर्षी बिलं थांबवली."

"म्हणजे पाणी सरकारचं. चालते," असं म्हणून ते घटाघटा प्यायले. मग मी विजेचं विचारलं, तर जन्म वीज मंडळात घालवलेला हा माणूस ऐकूच न आल्यासारखा खिडकीबाहेर बघायला लागला.

त्यांनी स्वतःचा छोटा कुकरही आणला होता. संध्याकाळी मी ऑफिसमधून आलो की एका शेगडीवर त्यांचा कुकर, दुसरीवर माझा. ते आपला वरणभात घेऊन माझ्यासमोर बसायचे आणि माझ्या ताटात अदबीने लोणचं वाढायचे. त्यांचं मी खाल्लेलं चालत होतं. माझं ते खाणार नव्हते. मला असा संताप यायचा की घास घशाखाली उतरायचा नाही, आणि त्यांच्या लोणच्याला अशी चव की तो परत उतरायचा.

बिअर या सगळ्यात आली ती त्यांच्यामुळेच. प्रेसच्या तळाशी डबे लावताना त्यांना एक मोठं खोकं सापडलं. ख्रिसमसला ऑफिसमधल्या डेक्लनने मला दिलेलं, घरी बिअर करण्याचं किट. मी ते तिथे सरकवून विसरलो होतो. सासऱ्यांच्या हातात ते बघून माझे कान तापले. जावयाने सासऱ्यांपुढे बिअरचं नाव काढायचं नसतं, हे पुण्यात वाढलेल्या माणसालाही कळतं.

"भेट आलंय, बाबा. टाकून देतो."

पण त्यांनी चष्मा चढवला होता. खोक्यावरचं सगळं, अगदी बारकोडच्या खालचंसुद्धा, वाचून झाल्यावर ते म्हणाले, "जूनमध्ये एक्स्पायर होऊन राहिलं हे."

"हो, म्हणूनच—"

"म्हणूनच टाकणार? अन्न आहे, जावईबापू. सातू आहे हा. मी पीत नाही ते वेगळं. वाया कसं घालवता?"

तर त्या शनिवारी मी आणि माझे सासरे बिअर करायला उभे राहिलो. ते आंघोळ करून, बाह्या दुमडून आले. बादली, झाकण, पळी, सगळं किटमधल्या पावडरीच्या पाण्यात बुडवून निर्जंतुक करायचं होतं. मी एकदा बुडवलं, त्यांनी माझ्या हातातून घेऊन पुन्हा बुडवलं. "लोणच्यासारखंच आहे. ओला हात लागला की खेळ खलास," ते म्हणाले. लग्नानंतर त्यांनी माझ्या हातातून काही ओढून घ्यायची ती पहिलीच वेळ. मला बरं वाटलं.

डब्यातला अर्क काकवीसारखा दाट आणि काळा होता. तो बादलीत ओतला, उकळतं पाणी घातलं आणि सूचनांचा कागद बघितला, तर पुढे लिहिलं होतं, एक किलो साखर. माझ्या घरात साखर म्हणजे डब्याच्या तळाला चिकटलेले दोन चमचे. मी गाडीची किल्ली शोधायला लागलो. तेवढ्यात बाबांनी प्रेसमधून आपली पिशवी काढली आणि अमरावतीची साखर सगळीच्या सगळी बादलीत रिकामी केली.

"अहो बाबा! तुमचा चहा?"

"फिका पिऊ. साठीनंतर फिकाच बरा."

मी दुसऱ्या दिवशी साखर आणली, डबा भरला आणि तो टेबलाच्या मधोमध ठेवला. ते रोज त्या डब्यावरून हात पलीकडे नेऊन फिक्या चहाचा कप उचलायचे.

वरून गार पाणी घातलं, यीस्ट शिंपडलं, झाकण लावलं. झाकणावर वाकडी नळी होती. आतला वायू तिच्यातून बुडबुडत बाहेर येणार, बाहेरची हवा आत जाणार नाही. बादलीला ऊब लागते, म्हणून ती वरच्या मजल्यावरच्या हॉट प्रेसमध्ये ठेवायची ठरली. गरम पाण्याच्या टाकीभोवती कपडे वाळवायचं कपाट असतं ते. जिना अरुंद, बादली जड. मी मागून, ते पुढून. "हळू! हळू, जावईबापू! अहो, तुमची बाजू खाली होऊन राहिली!" असं ते चक्क ओरडले. टॉवेल बाजूला सारून बादली आत बसवली तेव्हा आम्ही दोघंही धापा टाकत होतो आणि एकमेकांकडे बघून हसत होतो.

"आता दोन आठवडे झाकण उघडायचं नाही," मी म्हणालो.

"अजिबात?"

"अजिबात."

"हलवायचं पण नाही?"

"ढवळायचं नाही, असं कागदावर ठळक लिहिलंय. गाळ खाली बसला पाहिजे."

जन्मात एकदाही लोणचं न घातलेल्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

पुढच्या आठवड्यात एक दिवस मी हेडफोन घरी विसरलो म्हणून दुपारी परत आलो. वरून आवाज येत होता. मी अर्धा जिना चढलो आणि थबकलो. हॉट प्रेसचं दार सताड उघडं, बादलीचं झाकण खुर्चीवर स्वच्छ फडक्यात, आणि बाबा लाकडी डावाने बिअर ढवळत होते. प्रेमाने, तळापासून, हलक्या हाताने. टॉवेलांच्या चळतीला फोन टेकवून ठेवला होता आणि त्यात त्यांचा अमरावतीचा मित्र दिसत होता.

"रोज हलवा लागते, बाळू," बाबा त्याला सांगत होते. "नाहीतर वरून बुरशी धरते. आमच्या सिद्धांतला काय माहीत? कागद वाचून करून राहिला तो. आमच्या घरी ना, ही अलमारी आहे वरच्या मजल्यावर, गरम राहते. एकदम झकास."

आमच्या घरी. आमच्या सिद्धांतला. मी जिन्यावर उभा राहून ते दोन्ही शब्द नीट ऐकले. मग आलो तसा खाली उतरलो, दार आवाज न करता ओढलं आणि हेडफोन न घेताच ऑफिसला गेलो.

बिअर गेली, हे मला तिथेच कळलं. दुपारी डेक्लनला विचारलं तर त्याने कपाळाला हात लावला. पण बिअर काय, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. मी ठरवलं की एक अक्षर बोलायचं नाही. माझ्यासारख्या माणसाने तोंड आवरून धरायचं म्हणजे काय, ते माझं मला माहीत. संध्याकाळी फोनवर स्वरांगीला सांगितलं तर ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

"आणि तू गप्प बसलास? तू?"

"बसलो."

"मग थांबतील का रे ते?"

"थांबतील," मी म्हणालो. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

पण नाही. दोन आठवडे पुरे झाल्यावर बाटल्या भरताना मी विषय काढला. तिकीट पुढे ढकलू या का, पैशांचा काही प्रश्न नाही, डॉक्टरही म्हणतात की घरचं माणूस जवळ असलेलं बरं. बाबा फनेलमधून बिअर ओतत होते. त्यांनी धार मोडू दिली नाही.

"पाहुण्याने पाहुण्यासारखं वेळेवर जावं, जावईबापू. शिधा पण तेवढाच आहे."

पुन्हा जावईबापू. फोनमधला सिद्धांत कुठे गेला होता कोण जाणे.

बाटल्यांना आणखी एक आठवडा लागणार होता, म्हणजे चाखायचा मुहूर्त आला तो बाबा जायच्या आधीचा शेवटचा रविवार. विमान बुधवारी. स्वरांगी शनिवारीच आली, आता पोट चांगलंच पुढे आलेलं. डेक्लनला मी बोलावलं, कारण किट त्याचं. बाबांनी सकाळी आपले डबे घासून ओट्यावर उपडे घातले होते. ती रिकाम्या डब्यांची रांग बघून स्वरांगी स्वयंपाकघरातून बाहेर गेली आणि डोळे धुऊन आली.

मी बाटली उघडली. फस्स झालं, फेस आला, रंगही बरा होता. डेक्लनने मोठा घोट घेतला, आणि त्याचा चेहरा आयरिश सभ्यपणाने जागच्या जागी थिजला. "इट्स ग्रँड," तो म्हणाला. मी घेतला. आंबट होती, आणि मागून ओल्या पुठ्ठ्याची चव येत होती.

"मला द्या थोडी," बाबा म्हणाले. "हाताने केलेली वस्तू चाखल्याशिवाय मी पाहुण्याला देत नाही. आधीच चाखायला पाहिजे होती." त्यांनी घोटभर घेतली, तोंडात घोळवली आणि ग्लास खाली ठेवला.

"नासली," ते म्हणाले. मग ग्लास दूर सरकवला. "मी नासवली, जावईबापू. मी रोज झाकण उघडून हलवत होतो. तुम्ही नाही म्हटलं होतं, तरी. मला वाटलं, तुम्हाला अनुभव नाही. तुमची वस्तू खराब केली मी."

त्यांची मान खाली गेली होती. ती मला बघवेना. मी घाईघाईने म्हणालो, "बाबा, काही नाही हो. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्ही ढवळता ते. मी एकदा दुपारी आलो होतो. मी पाहिलं."

"कधी?"

"पहिल्याच आठवड्यात."

"अन् मला बोलले नाही?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

त्यांची मान वर आली. चार आठवड्यांत पहिल्यांदा मला त्यांच्या डोळ्यांत राग दिसला, चांगला सणसणीत.

"वाटलं असतं तर वाटू द्यायचं! मी रोज वर जाऊन घाण करून राहिलो अन् तुम्ही खाली बसून पाहून राहिले? बाहेरच्या माणसाला सांगत नाहीत, घरच्याला तोंडावर सांगतात! ही पोरगी लहान असताना पोळी कच्ची राहिली तर मी सांगत होतो ना, कच्ची आहे म्हणून? तुम्ही मला पाहुणा समजले. मान देऊन देऊन मूर्ख बनवलं!"

"पाहुणा?" मी म्हणालो, आणि चार आठवडे आवरून धरलेलं सगळं सुटलं. "मी पाहुणा समजलो? बाबा, तीन आठवडे त्या टेबलावर साखरेचा डबा आहे, तुम्ही त्याला बोट लावलं नाही! माझ्या घरात माझा सासरा फिका चहा पितो! रोज संध्याकाळी मी घरी येतो आणि मला शेगडीवर दोन कुकर दिसतात. दोन माणसं आणि दोन कुकर! मला काय वाटत असेल? तुमच्या रीतीला मी काही बोललो नाही, कारण तुम्ही मोठे. पण मग मला सांगू नका घरचं कोण ते! बुधवारी तुम्ही ते रिकामे डबे घेऊन जाल, आणि ही इथे बाळंत होईल माझ्या भरवशावर. मी रक्त बघितलं तर चक्कर येऊन पडतो. ती घाबरली आहे, बाबा. रात्री फोनवर मला सांगते. तुम्हाला सांगत नाही, कारण तुम्ही विषय बदलता!"

सासऱ्यांवर असं ओरडणारा जावई मी तरी पाहिलेला नाही. आमच्या घरच्यांनी ऐकलं असतं तर मला दाराबाहेर उभं केलं असतं. डेक्लनला एक शब्दही कळला नव्हता, पण तो कोट घेऊन उठायला लागला. स्वरांगीने त्याचा हात धरून त्याला परत खाली बसवलं.

बाबांनी तिच्याकडे बघितलं. "घाबरली आहेस?"

ती हो म्हणाली.

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही तिकीट दाखवत आलात, बाबा," ती म्हणाली. "येतानाच जायचं ठरवून आलात. कधी सांगू?"

बाहेर कोणाच्या तरी अंगणात मुलं खेळत होती, त्यांचा ओरडा ऐकू येत होता. मला वाटलं, संपलं. आता हे उठतील, बॅग भरतील, आणि बुधवारपर्यंत आमचं 'थंडी कशी आहे' एवढंच बोलणं होईल. स्वरांगी मला कधी माफ करेल की नाही, याचा मी विचार करत होतो.

"कुकरमध्ये काय आहे?" बाबांनी विचारलं.

मला आधी कळलंच नाही. "कुठल्या?"

"तुझ्या."

"वरण. आणि भात."

"वाढ मग. भांडून भूक लागली मला."

मी ताट घेतलं. माझ्या हातून भात सांडला, तो तसाच राहू दिला. वरण घातलं, तूप घातलं, ताट त्यांच्यापुढे ठेवलं. स्वरांगी श्वास रोखून बघत होती, आणि तिला बघून डेक्लनसुद्धा. बाबांनी डोळे मिटून हात जोडले, भात कालवला आणि पहिला घास घेतला. हळूहळू चावला. दुसरा घेतला.

"वरणात मीठ नाही," ते म्हणाले.

"आहे, बाबा."

"नाही. डाळ पण नीट घोटली नाही. हे असलं खाऊन हिच्या अंगात ताकद कुठून येईल?" ते खातच होते, मोठे मोठे घास घेत, माझ्याकडे न बघता. "उद्यापासून कुकर मी लावत जाईन. एकच लावीन, सगळ्यांचा. तुला जमत नाही."

स्वरांगीने तोंडावर ओढणी धरली. ती हसते आहे की रडते आहे ते मला कळेना. तिलाही कळत नसावं.

वरणात मीठ अगदी बरोबर होतं. मी ते आजही कोणालाही सांगायला तयार आहे. पण त्या दुपारी मी उठलो, प्रेसमधून माझा मिठाचा डबा काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उघडून चिमूटभर मीठ घेतलं, भातावर टाकलं आणि ताट पुढे करून म्हणाले, "आणखी वाढ."